देल्ला पट

मैदानावर नऊ भोकं होती. प्रत्येक भोकाभोवती काळपट वाळूचं एक वर्तुळ, म्हणजे वर्तुळंही नऊ. मोहाची झाडं चार, पळसाची सतरा, तेंदूची अकरा, वारुळं दोन, पाण्याची बोडी एक. जिथून खेळ सुरू करायचा ते मातीचे ओटे नऊ, त्यांपैकी सात धड आणि दोन कडेने ढासळलेले. क्लबच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या बारा. भिंतीवर काळ्या लाकडाची एक पाटी आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात सात नावं. मैदानाची एकूण लांबी दोन हजार नऊशे चौदा यार्ड भरली.

हे मोजमाप मी १९५७ च्या जानेवारीत केलं. मी खाणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. कोळसा जाळून मागे किती राख उरते ते काढायचं, हे माझं काम. फेब्रुवारीत कंपनीचे संचालक कलकत्त्याहून येणार होते. ते गोल्फ खेळत. त्यांना मैदानाची लांबी विचारायची सवय होती आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून सर्व्हे ऑफिसातली साखळी माझ्या हातात देण्यात आली.

गोल्फ मी तोवर पाहिला नव्हता. समजायला अर्धा तास लागला. लहान पांढरा चेंडू काठीने मारत मारत दूरच्या भोकात पाडायचा. ज्याला कमी फटके लागतील तो जिंकला. विलायतेत म्हणे भोकाभोवती मऊ हिरवळ असते. चांद्याच्या उन्हात हिरवळ टिकत नाही, म्हणून आमच्याकडे वाळूत इंजिनाचं जळकं तेल कालवून ती पसरलेली. तिला ब्राऊन म्हणत. ब्राऊनवर चेंडू आला की त्याच्या जागी खिळा रोवायचा, चेंडू उचलायचा, दांड्याला बसवलेली आडवी फळी भोकापर्यंत ओढून वाळू सारखी करायची, चेंडू परत खिळ्यापाशी ठेवायचा आणि हलकेच भोकाकडे लोटायचा. हा लोटण्याचा फटका म्हणजे पट. नऊ भोकं दोनदा खेळली की डाव पुरा झाला.

साखळीचं दुसरं टोक धरायला मला मुखरू दिला होता.

मुखरू सोमा मारबते. वर्धा नदीच्या काठच्या मासेमार ढीवरांच्या वस्तीतला, चाळिशीला आलेला. बॅरो नावाच्या इंग्रज मॅनेजरच्या काठ्यांची पिशवी वाहता वाहता तो खेळ शिकला आणि पुढे बॅरोनेच त्याला क्लबचा प्रोफेशनल नेमलं. प्रोफेशनल म्हणजे पगारी खेळाडू. सभासदांना शिकवायचं, त्यांच्यासोबत खेळायचं आणि क्लबच्या नावाने नागपूर-कलकत्त्याच्या स्पर्धांना जायचं. तिकडून त्याने दोघादोघांच्या झुंजींचे चार चषक आणले होते. ते व्हरांड्यातल्या कपाटात होते. व्हरांड्याच्या तीन पायऱ्या मात्र तो चढत नसे. सभासद नसलेल्याने चढायचं नाही, असा बॅरोच्या काळचा नियम. बॅरो मायदेशी गेला, नियम इथेच राहिला.

"मुखरूभाऊ, साखळी ताणून धरा, सैल पडतेय," मी पहिल्या दिवशी म्हणालो.

"साखळी ताठच हाये, बाबू. तुमचाच हात थरथरून राह्यला. च्या घेऊन या आंधी."

"इथला सगळ्यात चांगला खेळाडू कोण?"

"मी."

"आणि दुसरा?"

"दुसरा गंज दूर हाये. तो बल्लारशाच्या गाडीत बी बसला नसन अजून."

तिसऱ्या दिवशी आम्ही नवव्या ब्राऊनवर पोचलो. तिथून व्हरांडा पन्नास पावलांवर. मुखरूने साखळी खाली ठेवली आणि उच्चांक मोडणाऱ्यांच्या पाटीकडे बोट केलं.

"शेवटचं नाव वाचा."

"ए. जे. बॅरो. १९४९. एकाहत्तर."

"एकाहत्तर! त्याच साली माहे अडुसष्ट झाल्ते. त्याच्या चार वर्सं आंधी एकदा सदुसष्ट. बॅरोसाबच्या संगंच खेळलो, त्यानंच मोजले. मंग माहं नाव काऊन नाई? गुणवंतरावाले इचारलं का म्हन्ते, नेमात बसत नाई. कोनता नेम, ते सांगत नाई. तुमाले इंग्रजी येते. पुस्तक वाचा अन् मले सांगा."

गुणवंतराव म्हणजे खाणीचे मुख्य हिशेबनीस आणि क्लबचे चिटणीस. त्यांच्याकडून नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि दोन संध्याकाळी वाचलं. सभासद कोण, कोण नाही, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. जातीबद्दल तर नव्हतीच. मी तेवढंच शोधत होतो, त्यामुळे खरी ओळ दुसऱ्या वाचनात सापडली.

सकाळी नवव्या ब्राऊनवरच मी त्याला विचारलं, "बॅरोबरोबर खेळताना शेवटच्या भोकात तुम्ही चेंडू पाडत होतात का?"

"कायले? बॅरोसाब द्याचा ना! हात-दीड हातावर बॉल राह्यला का तो सोता उचलाचा अन् माह्याकडं फेकाचा. गिव्हन, मुखरू! मंग आमी दोघं हासत हासत बाहीर."

"दर वेळी?"

"दर वेळी. मोठ्या दिलाचा मानूस."

"मग ते डाव धरत नाहीत, मुखरूभाऊ. दोघांची झुंज असेल तर समोरच्याने दिलेला पट चालतो. पण फटके मोजायचे असतील तर प्रत्येक चेंडू भोकात पडलाच पाहिजे. एक जरी राहिला तरी सगळा डाव रद्द. तुमचे अडुसष्ट नाहीत. तुमचे काहीच नाहीत."

तो उकिडवा बसला. वाळूवर बोटाने रेघ ओढली, पुसली.

"देल्लं म्हन्जे देल्लं, बाबू. आमच्यात पाच मानसायसमोर कोनी डोंगा देल्ला त तो डोंगा त्याचा झाला. मंग देणाऱ्याचा बाप आला तरी वापस मांगू शकत नाई. अन् तुमी म्हन्ता..."

"इथे परत कुणी मागत नाही. फक्त मोजत नाहीत."

"बारा वर्सं," तो म्हणाला. "बारा वर्सं मी समजत होतो, ढीवर हाये म्हनून लिवत नाई."

"बॅरोने मुद्दाम केलं असेल?"

"तो हासत हासत द्याचा. हासून देल्लेल्या चीजीत काय रायते, ते देणाऱ्यालेच ठाऊक." मग त्याने खिशातून चेंडू काढला, हातभर अंतरावर ठेवला आणि काठीने ढकलला. भोकात खाणीच्या जुन्या लोखंडी नळीचा तुकडा बसवलेला होता. चेंडू पडला तेव्हा टण्ण आवाज झाला. "आयकलं? बॅरोसाबच्या संगं हा आवाज या शेवटच्या भोकावर मले कधी आयकूच नाई आला. बाकी आठ ठिकानी आला. इथी नाई."

तो उठला आणि तडक व्हरांड्याकडे निघाला. मी साखळी गोळा करत मागे. गुणवंतराव वेताच्या खुर्चीत बसून टपाल पाहत होते. मुखरू पायऱ्यांखाली थांबला, पण आवाज पायऱ्यांखाली थांबेल असा नव्हता.

"गुणवंतराव, मले एक डाव खेळाचा हाये. सारे बॉल पाडून. एकाहत्तरच्या आत आलो त पाटीवर नाव."

"पाटी सभासदांची आहे, मुखरू."

"पुस्तकात सभासद लिवलं नाई. बाबूनं दोनदा वाचलं."

गुणवंतरावांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला इथे राख मोजायला ठेवलंय ना?"

"हो."

"मग राखच मोजा." त्यांनी टपाल बाजूला ठेवलं. "ठीक आहे. संचालक येतील तेव्हा त्यांच्यासोबत खेळ. तुझे फटके मी लिहीन. पण ऐक, साहेबांपुढे शहाणपणा नको."

"शहानपन मी घरी ठेवून येईन. बायको सांभाळते."

संचालक आले ते दोन मोठ्या पेट्या आणि चौदा काठ्या घेऊन. उंच, पांढऱ्या केसांचे, मनमोकळे गृहस्थ. चहाच्या वेळी व्हरांड्यात बसून त्यांनी विलायतेत पाहिलेल्या मोठमोठ्या खेळाडूंच्या गोष्टी सांगितल्या. मी त्यांना लांबीचा कागद द्यायला गेलो आणि खांबाजवळ उभा राहिलो. मुखरू खाली अंगणात त्यांच्या काठ्या पुसत होता.

"चांगले खेळाडू शेकड्यांनी असतात," संचालक म्हणाले. "पण ज्याचं नाव तो गेल्यावरही लोक घेतात, असा एखादाच. मी तीन गोष्टी पाहतो. लांब फटका, थंड डोकं आणि चषक. यातली एक जरी नसली तरी तो थोर नाही."

"अगदी बरोबर," गुणवंतराव म्हणाले.

मला ते बरोबर वाटलं नाही, पण का ते सांगता येईना. त्या आठवड्यात मी सराव करणाऱ्या सगळ्यांचे पहिले फटके मोजले होते. संचालकांची सरासरी दोनशे अकरा यार्ड, मुखरूची दोनशे चोवीस. फरक तेरा यार्डांचा. तेरा यार्डांनी माणूस थोर होत असेल तर गोष्ट फारच सोपी झाली. चषकांचं म्हणावं तर ते कपाटात होते आणि ज्याने आणले तो अंगणात.

संचालकांनी खाली पाहून हाक मारली. "काय मुखरू, तुला काय वाटतं? थोर खेळाडू कोण?"

"ज्याच्यावर कोनी मेहेरबानी करू शकत नाई तो, साहेब," मुखरू काठी पुसत म्हणाला.

संचालक मोठ्याने हसले. "वा! आणि असा कोण आहे?"

"अजून कोनीच नाई. मी बी नाई. म्हनून त खेळून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी डाव झाला. संचालक, गुणवंतराव आणि मुखरू खेळले. टेप घेऊन मी सोबत होतो, कारण चेंडू ठेवण्याच्या जागेवरून वाद झाला तर मोजायचं होतं. वाद झाला नाही. मैदानाच्या बांधावर ढीवर वस्तीतली आणि खाणीतली सव्वाशे-दीडशे माणसं बसली होती. त्यांत मुखरूची बायको गिरजा, मासोळीची टोपली शेजारी ठेवून.

पहिल्या नऊ भोकांना मुखरूला पस्तीस फटके लागले. दुसऱ्या फेरीत चौथ्या भोकावर त्याचा चेंडू वारुळामागे गेला. मला वाटलं, तिथे दोन फटके जाणार. त्याने काठी उलटी धरली आणि डाव्या हाताने चेंडू बाहेर काढला. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "मुखऱ्या, मासोळी काढल्यासारखा काढला बे!" तिथे एकच फटका जास्त गेला. शेवटच्या भोकाच्या ओट्यावर आलो तेव्हा माझ्या मोजणीप्रमाणे त्याचे सहासष्ट झाले होते. गुणवंतरावांच्या कार्डावरही तेच होते. मी डोकावून पाहिलं.

दोन फटक्यांत तो ब्राऊनवर आला. पहिला पट पंचवीस फुटांवरून. चेंडू भोकाच्या उजवीकडे थोडा अलीकडे थांबला. एकोणसत्तर. आता एक छोटा पट, मग सत्तर.

मुखरू काठीचं टोक धोतराला पुसत होता, एवढ्यात संचालक चार पावलं पुढे आले, वाकले, त्याचा चेंडू उचलला आणि त्याच्याकडे फेकला.

"दिला! सत्तर! शाबास, मुखरू! नवा उच्चांक!"

त्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हरांड्यातल्यांनी वाजवल्या. बांधावरच्यांनीही वाजवल्या, कारण साहेब वाजवत होते. गुणवंतराव कार्डावर लिहायला लागले.

मुखरूने चेंडू झेलला होता. तो हातात घेऊन तसाच उभा राहिला. चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता तो हसेल आणि बाहेर जाईल, बॅरोबरोबर जात होता तसा.

"साहेब," तो म्हणाला, "हा बॉल मी घेत नाई."

"अरे, दिला मी!"

"तुमी देल्ला, गंज उपकार. पन माह्या कामाचा नाई. फटके मोजाच्या खेळात दुसऱ्यानं उचललेला बॉल जागेवर ठेवा लागते. पुस्तकात हाये. इचारा बाबूले."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या नोकरीला तेव्हा सात महिने झाले होते. "आहे," मी म्हणालो. "दंड नाही. चेंडू परत जागी ठेवायचा, एवढंच."

"मुखरू," गुणवंतराव दातांतून म्हणाले, "साहेबांनी हाताने दिलंय. घे आणि नमस्कार कर."

"नमस्कार करतो ना. आंधी पट मारतो, मंग करतो."

खिळ्याची खूण जागेवर होती. पण भोक आणि खूण यांच्यामध्ये संचालकांच्या बुटाचा ठसा उमटला होता. फळी ओढणारा माणूस पुढे यायला बिचकला, म्हणून मुखरूने स्वतः फळी ओढली. मी टेप लावला. दोन फूट अकरा इंच. त्याने चेंडू ठेवला, एकदा भोकाकडे पाहिलं आणि मारला.

चेंडू भोकाच्या डाव्या कडेवर गेला, कडेने अर्धा फिरला आणि साडेपाच इंच पुढे जाऊन थांबला.

बांधावरून एक लांब "अग्गाऽऽ" आली. मुखरूने पुढे होऊन उरलेला चेंडू आत लोटला. टण्ण. मग तो वळला आणि संचालकांना वाकून नमस्कार केला.

"एकाहत्तर," तो गुणवंतरावांना म्हणाला. "लिवा."

बॅरोचेही एकाहत्तरच होते. बरोबरी केलेल्याचं नाव पाटीवर जात नसे. संचालक आत गेले आणि संध्याकाळच्या गाडीने नागपूरला निघाले.

त्या संध्याकाळी मी मुखरूच्या घरी गेलो. आपण पुस्तक वाचलं नसतं तर बरं झालं असतं, असं काहीतरी मला म्हणायचं होतं. पण दारातच गिरजाबाई बोलत होत्या आणि मला मध्ये शिरायला जागा मिळाली नाही.

"एवढूसं त होतं! एवढ्यावरून माही म्हैस बी पाडते!"

"मंग उद्या म्हशीले घेऊन जा."

"साहेबानं उचलून देल्लं होतं. कोनी रोज देते का असं?"

"रोजच देते. तेच त दुखून राह्यलं."

"अन् आता?"

"आता काय, चुकला माह्या हातानं. तो चुकलेला बी माहाच हाये." मग त्याला मी दिसलो. "या बाबू. मासोळी खाता ना? का तिची बी राख मोजता?"

मी जेवून परतलो. म्हणायचं ते राहूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी व्हरांड्यातल्या पाटीवर आठवं नाव होतं. संचालकांनी नागपूरहून फोन केला होता, असं नंतर कळलं. माणूस चांगला खेळला, पट मी दिला होता, सत्तर लिहून टाका. खाणीत 'धोका' आणि 'आत जाऊ नये' लिहिणाऱ्या रंगाऱ्याने रात्रीतून काम उरकलं होतं, त्यामुळे अक्षरंही त्याच वळणाची. एम. एस. मारबते. १९५७. ७०.

सकाळी गुणवंतरावांनी मुद्दाम मुखरूला बोलावून घेतलं. मला वाटतं त्यांना खरोखर आनंद झाला होता. त्यांनी खुर्ची पाटीसमोरून बाजूला सरकवली, म्हणजे खालून नीट दिसावं. "बघ," ते म्हणाले. "बारा वर्षं मागत होतास ना? झालं मनासारखं?"

मुखरू गवत काढत होता तिथून आला होता. हातात खुरपं होतं. त्याने खालूनच पाटीकडे पाहिलं. वाचता त्याला येत नव्हतं, पण आकडे येत होते.

"ते सत्तर हाये?"

"सत्तर."

मुखरूने चपला काढल्या आणि पायरी चढला. मग दुसरी. मग तिसरी. गुणवंतराव उठून उभे राहिले. त्या व्हरांड्यात मुखरू आलेला मी पहिल्यांदा पाहिला, त्यांनीही पहिल्यांदाच. तो सरळ भिंतीपाशी गेला, वेताची खुर्ची ओढली, तिच्यावर चढला आणि खुरप्याने खरवडायला लागला. रंग अजून पुरता वाळला नव्हता. त्याच्या पातळ साली निघून खाली पडत होत्या.

"अरे, वेडा झालास का? तुझंच नाव आहे ते!"

"नाव माहं हाये. आकडा तुमचा हाये." तो खरवडतच राहिला. "तुमी त हिशेबनीस ना, गुणवंतराव? सहासष्ट अन् पाच किती होते? पगाराच्या दिवशी बी अशीच बेरीज करता का?"

बाहेर माळी, दोन कारकून आणि दूधवाला उभे होते. एक कारकून हसला आणि मग खोकल्यासारखं केलं.

गुणवंतरावांचा चेहरा लाल झाला. मला वाटतं, नियम मोडल्याचं त्यांना तितकं लागलं नाही जितकं ते बेरजेचं लागलं. चोवीस वर्षांत त्यांच्या वहीत पैची चूक निघाली नव्हती. हे सगळी खाण सांगत असे. "संचालकांचा शब्द होता," ते म्हणाले. "आणि हे कमिटीपुढे गेलं तर तुझी प्रोफेशनलची जागा जाईल, समजलं?"

"जाऊ द्या. नदी कुठी चालली? मासोळ्या मारीन." त्याने शेवटचं शून्य खरवडलं, हाताने लाकूड पुसलं, खाली उतरला आणि खुर्ची होती तिथे परत ठेवली. "पन जाग्यावर हावो तवरक दर आयतवारी सकायी सात वाजता मी अठरा भोकं खेळतो. सारे पाडून. ज्याले मोजाचं हाये त्यानं याचं."

तो पायऱ्या उतरला. चपला घातल्या आणि गवत काढायला गेला. लाकडावर सात नावांच्या खाली एक फिकट पट्टा राहिला.

कमिटीपुढे काय गेलं ते मला माहीत नाही. जागा गेली नाही, एवढं खरं.

पहिल्या रविवारी कार्ड माझ्याकडे होतं. त्याच्यासोबत खेळायला कुणी नव्हतं. चौऱ्याहत्तर लागले. वारा होता, पण त्याने वाऱ्याचं नाव काढलं नाही. दुसऱ्या रविवारी बहात्तर. त्या दिवशी गुणवंतराव तिसऱ्या भोकाजवळच्या मोहाखाली छत्री घेऊन उभे दिसले. फिरायला आलोय, म्हणाले. फिरत मात्र आमच्याच मागे होते.

तिसऱ्या रविवारी ते ओट्यावर आमच्या आधी हजर. हातात टोक केलेली पेन्सिल. "कार्ड इकडे द्या," ते मला म्हणाले. "रसायनवाल्यांचं काम नाही हे."

"बेरीज येते का?" मुखरूने विचारलं.

"तू मार. मी बघतो."

त्या रविवारी पुन्हा एकाहत्तर झाले. गुणवंतरावांनी आकडे दोनदा मिळवले आणि त्याला कार्ड दाखवलं. तो काठ्या उचलून निघून गेला.

चौथा रविवार मार्चमधला. मोह गळायला लागला होता. वस्तीतल्या बाया पहाटेच टोपल्या भरून गेल्या होत्या, त्यामुळे झाडांखालची जमीन झाडल्यासारखी स्वच्छ होती. बांधावर पुन्हा माणसं जमली. यावेळी कुणी बोलावलं नव्हतं. गिरजाबाई आल्या, म्हैस मात्र आणली नाही, असं त्यांनी दुरून ओरडून सांगितलं. मुखरूने त्यांच्याकडे काठी उगारली आणि पहिला चेंडू मारला.

सातव्या भोकावर त्याचा चेंडू बोडीच्या काठच्या चिखलात रुतला. गुणवंतराव वाकून बघत म्हणाले, "इथून काढून कोरड्यात ठेवलास तर चालेल. सभासद ठेवतात."

"सभासदायले ठेवू द्या," मुखरू म्हणाला आणि धोतर वर खोचून चिखलात उतरला.

शेवटच्या ब्राऊनवर त्याचा एक पट उरला तेव्हा मी टेप लावला. चार फूट दोन इंच. गुणवंतराव बाजूला उभे होते. सवयीने त्यांचं तोंड उघडलं, "दि..." एवढं निघालं आणि त्यांनी ते गिळलं. मुखरूने ऐकलं. मान वर न करता तो म्हणाला, "गिळा, गिळा. काटा नसते त्याले."

मग त्याने मारला.

गुणवंतरावांनी कार्ड मांडीवर ठेवून बेरीज केली, वरून खाली आणि खालून वर. नंतर ते माझ्याकडे दिलं आणि मी केली. मग त्यांनी त्यावर सही केली, तिच्याखाली मी केली.

पहिली फेरी पस्तीस. दुसरी फेरी चौतीस. एकूण एकोणसत्तर.